पोवळ्याचे नाव शेवाळाला : परिभाषेच्या इतिहासातील एक नागपुरी प्रकरण

नागपुराहून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र पाचशे किलोमीटरच्या अलीकडे भेटत नाही. महालाच्या कडेला असलेल्या तलावाला आज गांधीसागर म्हणतात. पण हा सागर गोड्या पाण्याचा आणि त्यातले शेवाळही गोड्या पाण्याचेच. अशा ठिकाणी बसून समुद्रतळावरच्या एका लालसर, दगडासारख्या शैवलाला मराठीत काय म्हणावे याची चर्चा आम्ही का करावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर भूगोलात सापडणार नाही, इतिहासात सापडेल. विसाव्या शतकाच्या मध्यावर सुमारे दहा वर्षे याच शहरात सृष्टीतील वस्तूंना भारतीय नावे देण्याचा एक अवाढव्य उद्योग चालला होता. पुढे याच शहरात त्याच्या अगदी उलट वाटेने जाणारे कामही झाले. या दोन वाटा तपासून पाहायच्या तर परीक्षेची वस्तू दोन्हींना परकी असलेली बरी.

ही वस्तू म्हणजे ज्याला इंग्रजीत कोरलाइन अल्गी म्हणतात ते शैवल. ते तांबड्या शैवलांच्या गटात मोडते. त्याच्या पेशीभित्तींत कॅल्शियम कार्बोनेट साठते आणि त्यामुळे ते हाताला शेवाळासारखे बुळबुळीत न लागता दगडासारखे कठीण लागते. काही जाती खडकावर गुलाबी लेपासारख्या पसरतात. काहींना लवचीक सांधे असतात व त्या झुडपासारख्या डोलतात. काही तर कशालाच न चिकटता गोट्यांच्या रूपाने तळावर सुट्या पडून राहतात. प्रवाळभित्तीचे सुटे तुकडे सांधण्याचे काम यांतील लेपासारख्या जाती करतात, म्हणजे भिंत प्रवाळाची आणि गिलावा शैवलाचा. वाढ अतिशय मंद, वर्षाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी.

या शैवलाचा नामकरणाचा इतिहास युरोपातही सरळ नाही. १७५५ मध्ये जॉन एलिस या इंग्रज निसर्गाभ्यासकाने कोरलाइनांवर ग्रंथ लिहून ते प्राणी असल्याचे प्रतिपादन केले. लिनीयसनेही १७५८ मध्ये, आपल्या वर्गीकरणग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत, त्यांना प्राण्यांतच बसवले. ही वनस्पती आहे हे पक्के व्हायला १८३७ साल उजाडावे लागले. ते श्रेय फिलिपी या जर्मन अभ्यासकाकडे जाते. एव्हाना नाव रुळले होते. शास्त्र पुढे गेले आणि नाव मागेच राहिले. पोवळ्याशी आप्तसंबंध नसलेल्या वनस्पतीला पोवळ्याचे आडनाव कायमचे चिकटले. अशा नावाचे भाषांतर करताना भाषांतरकार नकळत एक जुने, खोडले गेलेले वर्गीकरणही आपल्या भाषेत उतरवून घेत असतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला या शैवलात रस वाटावा तो येथे.

आता महालाकडे वळू. या वस्तीचे नावच अरबी. भोसल्यांच्या राजवाड्याभोवती वाढलेल्या या भागात चिटणीस पार्क आहे, कोतवाली आहे. चिटणीस काय किंवा कोतवाली काय, मराठी राज्यकारभाराने फारशीकडून घेतलेली ही नावे इतकी मुरली आहेत की त्यांचे परकेपण कोणाला जाणवत नाही. शेजारच्या वेशीला एके काळी जुम्मा दरवाजा म्हणत. आज ती गांधी गेट आहे, म्हणजे अरबी-फारशी जाऊन तेथे अर्धी इंग्रजी आली. तलावाचे तर तीन थर आहेत : जुम्मा, शुक्रवारी आणि गांधीसागर. जुम्माचा शुक्रवार हा शुद्ध पारिभाषिक अनुवाद म्हणावा लागेल, आणि जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून आहे. सागर हे नाव मात्र फलकावर अधिक व तोंडात कमी.

शब्द बदलण्याचा राजाश्रित उद्योग मराठीला नवा नाही. शिवछत्रपतींच्या काळात रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि सुमारे चौदाशे फारशी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९३१ मध्ये शासनशब्दांचा बहुभाषी कल्पतरू प्रसिद्ध करविला. तिसरा उद्योग नागपूरचा. त्याचे कर्ते डॉ. रघुवीर. नागपूरच्या गादीचे रघुजी, कोशाचे रघुनाथपंत आणि हे रघुवीर : या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह आम्ही आवरतो.

रघुवीरांचा जन्म १९०२ मध्ये रावळपिंडीचा, उच्च शिक्षण लंडन आणि उट्रेख्ट येथील, अध्यापन लाहोरात संस्कृतचे. तेथेच त्यांनी सरस्वती विहार ही संस्था उभारली. फाळणीच्या तोंडावर, १९४६ च्या सुमारास, ती नागपुरात आली. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या पंडित रविशंकर शुक्ल सरकारचा तिला पाठिंबा होता. हा प्रांत द्विभाषिक. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांना राजभाषा करणारा कायदा त्याने १९५० मध्ये केला, आणि त्याआधीच नागपूर विद्यापीठाने पदवीच्या शिक्षणात या दोन भाषांना माध्यम म्हणून स्थान देण्याच्या दिशेने पाऊल टाकले होते. दोन भाषांना मिळून एकच परिभाषा हवी होती आणि ती संस्कृतातूनच मिळू शकेल, हा रघुवीरांचा आधारभूत विचार. त्यांचा हिशेब प्रसिद्ध आहे : संस्कृतचे सुमारे ५२० धातू, २० उपसर्ग आणि ८० प्रत्यय. यांच्या संयोगातून हव्या तितक्या संज्ञा घडवता येतात. (परंपरा उपसर्ग बावीस मोजते; निस्-निर् आणि दुस्-दुर् एकच धरले की वीस उरतात.)

या कारखान्यातून काय बाहेर पडले? ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन, नायट्रोजनला भूयाति, कार्बनला प्रांगार, क्लोरिनला नीरजी. धातूंच्या नावांत धातु शब्दाचे शेपूट प्रत्ययासारखे जोडलेले : कॅल्शियम म्हणजे चूर्णातु, सोडियम म्हणजे क्षारातु. कार्बन डायऑक्साइडचे प्रांगार द्विजारेय झाले. या शब्दांची थट्टा पुष्कळ झाली, अजूनही होते. शिवाय त्यांनी न घडवलेले विनोदी शब्दही त्यांच्या नावावर खपवले जातात. कंठलंगोट हे त्याचे ठळक उदाहरण. थट्टेच्या भरात एक गोष्ट मात्र दिसेनाशी होते. रघुवीरांचा आग्रह सुट्या शब्दांचा नव्हता, तो व्यवस्थेचा होता. एका संज्ञेवरून दुसरी साधता आली पाहिजे, नामावरून विशेषण आणि विशेषणावरून भाववाचक रूप निघाले पाहिजे. एक शब्द शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दहा शब्द ओळखता आले पाहिजेत. लॅटिन आणि ग्रीक यांनी युरोपीय विज्ञानासाठी हेच काम केले. त्या भाषा इंग्रज विद्यार्थ्यालाही परक्याच होत्या, हा त्यांचा युक्तिवाद आम्हाला आजही खोडून काढण्याजोगा वाटत नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे पुस्तक १९४९ मध्ये नागपुरातून निघाले. रघुवीर आणि के. एन. दवे यांनी भारत, ब्रह्मदेश व श्रीलंका येथील पक्ष्यांची भारतीय शास्त्रीय नामावली सिद्ध केली. येथे प्रश्न सामान्य नावांचा राहिला नव्हता. लिनीयसच्या द्विनाम पद्धतीतील लॅटिन नावांच्या जागी संस्कृत नावे आणण्याची ही महत्त्वाकांक्षा होती. जगभरच्या शास्त्रज्ञांनी एका जीवाला एकच नाव वापरावे हा ज्या पद्धतीचा प्राण, तिलाच पर्याय देणे म्हणजे तिचा हेतू मोडणे होय. या ठिकाणी रघुवीर चुकले असे आम्ही स्पष्टपणे म्हणू. तथापि त्या श्रमातून दुसरेच एक फळ मिळाले. दव्यांनी संस्कृत वाङ्मयातील पक्षिनामांचा शोध पुढे चालू ठेवला आणि त्यांचा त्या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. कालिदास किंवा बाण शिकवणाऱ्याला क्रौंच, कारंडव, चक्रवाक यांपैकी नेमका कोणता पक्षी अभिप्रेत आहे हे ज्या ग्रंथात पाहावे लागते, तो हा. परिभाषा घडवायला निघालेला माणूस साहित्याचा भाष्यकार होऊन परतला.

नागपूरचा प्रयोग फसला तो शब्द अवघड होते म्हणून, असे सर्रास सांगितले जाते. आमचे मत निराळे आहे. प्राणवायू सोपा आणि जारक अवघड, हे सवयीचे बोलणे झाले. प्रयोग फसला कारण त्याच्या मागचे राज्य आणि वर्ग दोन्ही नाहीसे झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि रघुवीरांची संस्था त्याच सुमारास दिल्लीला गेली. १९६१ मध्ये केंद्राने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. त्याने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवण्याचे धोरण स्वीकारले आणि जारक व उदजन यांचा निकाल लागला. १९६३ मध्ये रघुवीरांचे अपघाती निधन झाले. शेजारच्या हैदराबादेत हेच आधी घडून गेले होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सर्व उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. त्यासाठी खास भाषांतर विभाग होता, आणि तिथे शिकलेल्या मराठवाड्यातील मराठी भाषकांनी विज्ञानही उर्दूतूनच शिकले. १९४८ नंतर राज्य गेले, माध्यम गेले आणि ती परिभाषा ग्रंथालयात जाऊन बसली. तिला अवघडपणाचा दोष कोणी दिल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर हे काम भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि वाईचे विश्वकोश मंडळ यांच्याकडे आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाने जो मध्यममार्ग पत्करला तो वनस्पतींच्या बाबतीत बारकाईने पाहण्यासारखा आहे. बोली मराठीत ओलसर जागी हिरवे, बुळबुळीत जे काही उगवते ते सगळे शेवाळ. शास्त्राला मात्र त्यात भेद करायचे होते. म्हणून शैवल हा तत्सम शब्द अल्गीसाठी ठरला, शेवाळी हे नाव ब्रायोफायटांच्या विभागाला मिळाले, त्यातल्या मॉसला हरिता म्हटले गेले, आणि मसाल्यातल्या दगडफुलाला, म्हणजे लायकेनला, शैवाक. बुरशीच्या वर्गाला कवक. एका घरगुती शब्दाच्या आसपास पाच खोल्या बांधल्या गेल्या. येथे तत्सम आणि तद्भव यांच्यातील अंतर, जे व्याकरणात आपण केवळ व्युत्पत्तीचे म्हणून शिकवतो, ते वर्गीकरणाचे साधन झाले. अशा कामाची दखल मराठीच्या समीक्षेने जवळजवळ घेतलेली नाही याचा आम्हाला खेद वाटतो.

दुसरी वाट मारुती चितमपल्लींची. सोलापुरात १९३२ मध्ये जन्मलेले आणि २०२५ मध्ये तेथेच निवर्तलेले चितमपल्ली वनखात्यात होते. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग विदर्भाच्या जंगलांत आणि नागपुरात गेला. नवेगाव बांधच्या परिसरात माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्यांकडून, आदिवासींकडून, मासेमारांकडून त्यांनी प्राण्यापक्ष्यांची नावे गोळा केली. त्यांचा पक्षिकोश २००२ मध्ये नागपुरातूनच निघाला. रघुवीर-दव्यांची नामावली आणि हा कोश यांच्यात त्रेपन्न वर्षे आणि एक पूर्ण दृष्टिकोन आहे. एकाने नाव धातूपासून घडवले, दुसऱ्याने तोंडातून टिपून घेतले, असे म्हणून हे प्रकरण मिटवता आले असते. ते तसे मिटत नाही. बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार आणि कावळ्यांच्या वसाहतीला काकागार हे चितमपल्लींचे गाजलेले शब्द घ्यावेत. दोन्ही शुद्ध संस्कृत सामासिक. रघुवीरांच्या कारखान्यातून निघाले असते तरी कोणाला आश्चर्य वाटले नसते. आणि तरीही वाचकांनी ते आपलेसे केले. कारण उघड आहे : ते शब्द कोशात येण्याआधी ललितगद्यात आले. वाचक त्या झाडाखाली लेखकाबरोबर उभा राहिला, त्याने तो कलकलाट ऐकला, विष्ठेचा उग्र दर्प घेतला, आणि मग त्याला नाव सांगितले गेले. भूयातीला असे कोणी कधी हुंगले नाही. (नायट्रोजनला वास नसतो, हे आम्हाला ठाऊक आहे.)

अधिवासांची नावे ठरवताना हा भेद अधिक टोकदार होतो. खाडीकाठच्या मॅन्ग्रोव्ह जंगलाचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. विश्वकोशाने त्याला कच्छ वनश्री म्हटले. काठावरचे लोक तिवर, कांदळ, चिपी अशी एकेका झाडाची नावे घेत. वृत्तपत्रांनी खारफुटी रूढ केले. शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र विभाग काढला तेव्हा त्याचे नाव ठेवले कांदळवन कक्ष. म्हणजे एका झाडाचे लोकनाम उचलून त्याला वन जोडले आणि सगळ्या अधिवासाला दिले. शास्त्रदृष्ट्या हे सैल आहे, कारण कांदळवनात कांदळाखेरीज इतरही झाडे असतात. पण फलकावर, नकाशावर, न्यायालयीन कागदांत आज हा शब्द वावरतो आहे. कच्छ वनश्री कितीही रेखीव असली तरी ती विश्वकोशाबाहेर फारशी पडली नाही.

आता आमच्या परीक्षेच्या शैवलाकडे परत येऊ. त्याच्या सुट्या गोट्यांनी आच्छादलेल्या सागरतळाला जगात दोन नावे आहेत. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचे लोक त्याला मार्ल म्हणतात. आंबट जमिनीला चुना मिळावा म्हणून ते तेथे शेतात टाकत. हे ब्रेटन भाषेतले लोकनाम युरोपीय शास्त्राने जसेच्या तसे घेतले. इतरत्र ऱ्होडोलिथ हे ग्रीकवरून घडवलेले नाव चालते, अर्थ गुलाबी दगड. दोन्हींचा अर्थ अगदी एकच आहे का, आत शंखाचा किंवा खड्याचा गाभा असलेला गोटा कोणत्या नावाखाली घालायचा, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद झाले आहेत. म्हणजे चितमपल्लींची वाट आणि रघुवीरांची वाट आंतरराष्ट्रीय विज्ञानातही शेजारी शेजारी चालतात, आणि प्रमाणीकरण दोघींचा हिशेब जुळवत बसते. तो हिशेब केवळ कागदी नसतो. युरोपीय समुदायाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात मार्ल बनवणाऱ्या दोन जातींची नावे आहेत म्हणून त्यांच्या उपशावर नियंत्रण आणण्याला आधार मिळाला. आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत प्रवाळांना स्थान मिळाले. प्रवाळ हे प्राणी. त्यांना सांधणारे शैवल त्या यादीत नाही. अशा वेळी एखाद्या अहवालाच्या मराठी अनुवादात कोरलाइन अल्गीचे नुसते प्रवाळ झाले, तर वाचणाऱ्या मच्छीमाराची दिशाभूल होते आणि अधिकाऱ्याचीही. मालवणात १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हापासून तेथील मच्छीमारांचा विरोध आहे. त्यांच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या कागदात कोणत्या जीवासाठी काय बंद होणार, हे नेमक्या मराठीत असणे ही भाषेच्या अभ्यासकांची हौस मानून चालणार नाही.

मग काय म्हणावे? चुनखडी शैवल म्हटले तर कॅल्शियम साठवणारी हिरवी शैवलेही त्यात येतात, म्हणून ते अतिव्याप्त. प्रवाळी शैवल यात लिनीयसची चूक आहे, परंतु नामपद शैवल राहते आणि प्रवाळी हे केवळ विशेषण होते. चूक झाकली जाते, इतिहास राहतो. आम्ही ते पसंत करू. सांधे असलेल्या आणि नसलेल्या प्रकारांना रघुवीरांच्या वळणाने सपर्व आणि अपर्व म्हणता येईल. पर्व म्हणजे पेर, सांधा. महाभारताची पर्वेही त्याच अर्थाची, हे वर्गात सांगण्याजोगे आहे. पण उसाच्या प्रदेशात कांडेदार हा शब्द असताना सपर्व कशाला? खडकावर पसरणाऱ्याला लेपी शैवल. आणि त्या सुट्या गुलाबी दगडांना गुलाबगोटे म्हणावे असे आमच्या मनात येते. नर्मदेतला गोटा मराठी माणसाला माहीत आहे, पाण्याने गोल केलेला. हा लाटांनी लोळवत गोल केलेला, आणि जिवंत.

अर्थात असे शब्द सुचवणे फार सोपे आहे. त्यांना तोंड कोण देणार? दहावीपर्यंत मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला शैवल, कवक, हरिता भेटतात. सेमी इंग्रजीच्या वर्गात तेही भेटत नाहीत. अकरावीच्या विज्ञानशाखेत ही परिभाषा बहुतेकांच्या बाबतीत दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवली जाते. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सभा-समारंभ पुष्कळ झाले. त्यांत वनस्पतिशास्त्राचा मराठी वर्ग कोणी मागितला नाही. आमच्या मराठी विभागांतही परिभाषा म्हटले की रस, ध्वनी, अनन्यता यांच्यापुढे आम्ही जात नाही. शैवाक हा शब्द कोणी आणि कशावरून घडवला, यावर एखादा लघुप्रबंध होऊ शकतो ही कल्पनाही विद्यार्थ्याला नवी वाटते.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात एक बुडालेले पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर येतो आणि त्यावर प्रवाळ आहेत. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी बोटीने जाऊन त्याची पाहणी केली. या पठाराला कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे. इंग्रजांनी आपल्या कागदांत आंग्रे हे आडनाव आंग्रिया असे लिहिले, नकाशांत ते तसेच गेले, आणि आज मराठी वृत्तपत्रे त्या जागेला आंग्रिया बँक म्हणतात. बँक म्हणजे येथे समुद्रातला उंचवटा. बातमीचा मथळा वाचणाऱ्याला आधी पतपेढी आठवते. आंग्रे पठार असे छापायला कोणत्याही मंडळाची मंजुरी लागणार नाही.